आंधी जेवन, मंग नाव

शालूताई गेल्या असा फोन आला तव्हा मी ओसरीत बसून तुरीच्या शेंगा सोलून राह्यलती. फोन वंदनाचा होता. वंदना म्हंजे आमच्या मंडळाची आताची अध्यक्ष, शाळेत मास्तरीन हाये. पह्यले नुसतीच रडली. मंग म्हने, "मावशी, ताई गेल्या वो सकाळी..." मी "हाव" म्हनलं अन् फोन ठेवला. सून आतून आली, माह्या तोंडाकडं पाह्यलं तिनं. म्हने, "आई, उठा, शेंगा मी पाह्यतो." मी म्हनलं, राहू दे. त्या दिशी दवाखान्याच्या डब्ब्याची पाळी माह्यी होती, तुरीच्या दान्याचं आळन करून न्याचं होतं. ताई असत्या तर त्याइनं बी हेच म्हनलं असतं, पह्यले डब्बा पोचव, मंग काय रडाचं ते रड. राजूरवरून वणीच्या गाडीत बसली. डब्बा मांडीवर, अन् त्याची गरमी लुगड्यातून लागून राह्यलती. वार्डात डब्बा देल्ला, मंग ताइच्या घरी गेली. पोचली तव्हा त्याइले भाइर काढून राह्यलते. तोंड पाहाले भेटलं, बस.

आमचं मंडळ काही लय मोठं नाई. सरकारी दवाखान्यात खेड्यापाड्यातले पेशंट येतात, मारेगावकडचे, केळापूरकडचे, कोनी डोंगराच्या पल्ल्याडचे. पेशंटले दवाखान्यातून जेवन भेटते, पन त्याच्यासंगं आलेल्या मानसाचं काय? बायको राह्यते, माय राह्यते, वऱ्हांड्यात सतरंजी टाकून पडते अन् नळाचं पानी पेऊन दिवस काढते. अशाइले घरचा डब्बा आनून द्याचा, कोनाले एक्सरेचा फोटो काढाच्या खोलीत न्याचं, कोनापाशी नुसतं बसाचं, हे आमचं काम. शालूताई पह्यल्यापासून त्यात होत्या. त्याइचे मालक तहसीलीत बाबू होते. ताई उंच, गोऱ्यापान, अन् आवाज असा का वार्डातल्या झोपलेल्या पेशंटनं उठून बसावं. नर्सबाई म्हनत, "ताई, हळू बोला." ताई म्हनत, "हळूच तं बोलून राह्यली!"

मंडळात नवी बाई आली का तिले बसवनं हे काम ताइचं. दुसऱ्या कोनाले करू देत नव्हत्या. वार्डाच्या भाइर फरशीचा ओटा हाये, पेशंटचे मानसं बसतात तिथी. नवी बाई पह्यल्या दिवशी मोठ्या हौसेनं येते, काम द्या म्हनते. ताई तिले काम देत नव्हत्या. तिले त्या ओट्यावर बसवत, लोट्यानं तिच्या हातावर पानी घालत, अन् मंडळाच्या आलमारीतलं येक मोठं स्टीलचं ताट काढून तिले वाढत. भाकर, भात, वरन, त्या दिवशीच्या डब्ब्यात असन ते. ते सगळं खाऊन होऊ द्याचं. तवरोक ना नाव इचाराचं, ना गाव. जेवन झालं का ताई खाली वाकून म्हनत, "आता सांग, बाई. नाव काय तुह्यं?" मंग बिल्ला लावत. झालं, बाई मेंबर झाली.

येकदा येक रिटायर मास्तरीनबाई आल्या. चांगलं पाठ करून आनलं होतं भाषन, कागदावर लिहून. ओट्यावर बसल्या बसल्याच सुरू झाल्या, "माझा परिचय द्यायचा झाला तर..." ताइनं हातावर पानीच ओतलं. म्हने, "भाषन पर्समंधी ठेवा." त्या म्हने, "अहो, नाव तरी सांगू द्या माझं!" ताई म्हने, "नावाची कायची घाई हाये? वरन थंड होते, नाव नाई होत." आमी सगळ्या पदर तोंडाले लावून हासलो. येकदा येक डाक्टरीनबाई आल्या, म्हने मी जेवून आले. ताई म्हने, "वार्डातल्या बाया बी लाजून असंच म्हनतात. बसा." ते बिचारी खरंच जेवून आलती! तरी ताइनं वाढलं तेवढं खाल्लं तिनं, अन् दिवसभर पोट धरून बसली. संध्याकाळी ताइनंच तिले ववा आनून देल्ला. म्हने, "चुकलं माह्यं. पन ध्यानात ठेवा, आपन वाढतो म्हनून समोरच्यानं आपल्या मनाजोगं खाल्लंच पाह्यजे असं नसते. तुमाले कसं वाटलं? तसंच त्याइले वाटते." नव्या बाईले शिकवाची ताइची हेच तऱ्हा होती. घेनं कसं असते ते आंधी समजू द्याचं, मंग द्याले लावाचं.

हे रीत मी मंडळात आली तव्हापासून पाहून राह्यली. मले वाटे, पह्यलेपासूनची असन.

मी मंडळात कशी आली ते सांगावं लागन. माह्ये मालक राजूरले कोळशाच्या खदानीवर होते. खोकला लागला, मंग खोकल्यातून रक्त पडाले लागलं. दवाखान्यात भरती केलं. पोरं दीराकडं ठेवली अन् मी येकटीच होती त्याइच्यापाशी. माह्यापाशी दोन लुगडे होते. रोजचं जे होतं त्याच्यावर मालकानं रक्ताची उलटी केली, ते धुवून मी दवाखान्याच्या मांगं वाळू घातलं अन् पिशवीतलं चांगलं नेसली. पुतनीच्या लग्नात आहेर आलतं ते, निळं, जरीच्या काठाचं. डोक्शाले तेल-पानी केलं, कारन डाक्टर येनार होते अन् मालक म्हनत का डाक्टरासमोर अजागळ नोको राहू. अन् मंग ओट्यावर येऊन बसली. पोटात काल दुपारपासून काही नव्हतं.

तेवढ्यात ताई आल्या, मांगं चार-पाच बाया, येकीच्या हातात हार. मले पाह्यलं अन् शुद्ध बोलल्या, "या या, आलात का! किती वाट पाहिली तुमची." मी उठाले गेली तं खांदा धरून बसवलं. माह्या गळ्यात हार घातला, लुगड्याले बिल्ला लावला. मले काही समजेना. मले वाटलं दवाखान्याची काही पद्धत असन, पेशंटच्या बायकोसाठी. मंग ताइनं लोटा घेतला, "हात करा पुढं." मी हात केले. आजवर मीच दुसऱ्याच्या हातावर पानी घातलं होतं वो. सासऱ्याच्या, दीराच्या, मालकाच्या, पाव्हन्याच्या. माह्या हातावर कोनी घातलं नव्हतं. पानी कोमट होतं...

ताट समोर आलं. मी जेवली. मान खाली घालून जेवली, भाकर मोडली, वरन-भात कालवला. वरन सरत आलं तसं ताटाच्या बुडाशी अक्षरं दिसाले लागली. लग्नात पोरीले मायघरून भांडे देतात, त्याच्यावर ठिपक्याठिपक्यानं नाव टाकतात, तसं. मी चौथीवरोक शिकली, जोडून जोडून वाचता येते. शा... लि... नी. म्हनलं, या बाईचं नाव शालिनी असन. माह्यं नाव कोनाले ठाव नव्हतं, पन त्याइचं मले समजलं.

तेवढ्यात फाटकापाशी गाडी आली अन् त्यातून बँकेच्या साहेबाच्या बाई उतरल्या. "उशीर झाला हो, सॉरी," म्हनत आल्या. त्या दिवशीच्या नव्या मेंबर त्या होत्या. सगळ्या बाया येकमेकीकडं पाहाले लागल्या. मालतीबाई नावाच्या येक होत्या, त्या पटकन बोलल्या, "अगं बाई! मंग ही कोन?"

मी उठली. हार काढला. बिल्ला काढाले गेली तं पिन निघेना, बोटं खरकटे, सरकून जाय. ताइनं इचारलं, "नाव काय वं तुह्यं?" मी सांगितलं, कौसल्या, अन् आडनाव सांगितलं. आमच्या आडनावावरून मानूस कोन्या वस्तीतला ते लगेच समजते. माह्या सासऱ्यानं दीक्षा घेतलती, घरी बुद्धाचा फोटो हाये. आडनाव सगळ्याइनं आयकलं. मालतीबाईनं ताटाकडं पाह्यलं. ताइनं बी पाह्यलं. लय वेळ नाई, येवढासाच. मंग ताइनं माह्या हातातली पिन परत नीट लावली. म्हने, "राहू दे. यायच्यासाठी दुसरा आनतो." बँकवाल्या बाईले म्हने, "तुमी बी बसा." अन् लोटा माह्या हाती देल्ला. "घाल पानी यायच्या हातावर." बँकवाल्या बाई थोड्या थांबल्या... मंग हात पुढं केले. बांगड्या वाजल्या त्याइच्या, अजून ध्यानात हाये.

मालक त्याच आठवड्यात गेले. ताई राजूरले आल्या होत्या, माह्या घरात खाली चटईवर बसल्या. जातानी म्हने, "ऐतवारी येजो." मी गेली. मंग जातच राह्यली. आठवडाभर निंदन, खुरपन, कापूस येचनं, दोन पोरं वाढवाची होती, कोनी बसून खाऊ घालनारं नव्हतं. पन ऐतवारी दवाखान्यात. कधी डब्ब्यात नुसती चटनी-भाकर राहे, तरी नेई. रडाले तवा सवड नव्हती अन् मंग सवय राह्यली नाई.

मालतीबाई मातर मले नाव ठेवून मोकळ्या झाल्या. "आमची चुकून आलेली मेंबर!" कोनी पाव्हना आला का माह्याकडं हात करून सांगत, अन् सगळ्या हासत. वाईट बाई नव्हत्या, माह्या पोरीच्या लग्नात राबल्या बी. पन ते बोलनं मले काट्यासारखं सले. ताई कधी हासल्या नाई त्याच्यावर, पन कधी "नाई" बी म्हनल्या नाई. मी रात्रंदिवस मनात घोकत नव्हती ते, पन बिल्ला लावतानी दर ऐतवारी येक घडी यायचंच मनात का मी इथी हक्कानं हाये का या बायाइच्या भिडेनं? चारचौघीत मी ताट पुढं घेऊन बसली होती म्हनून ताइनं चूक झाकली, का मले खरंच बसवलं? इचारावं वाटे. पन इचारून जे निघन ते आयकाची हिंमत पाह्यजे ना.

यंदा पानकळ्यात, पाऊस लागला तव्हा, ताई अंथरुनावर पडल्या. किडन्या गेल्या म्हने. मी भेटाले गेली, भाकर अन् तुरीचं वरन नेलं डब्ब्यात. त्याइची सून म्हने, "आई काही खात नाहीत, मावशी." मी म्हनलं, पाह्यतो. ताइले उशीले टेकून बसवलं, खाली भांडं धरून हातावर पानी घातलं. ताई हासल्या. म्हने, "मले नवी मेंबर करून राह्यली का वं?" मी म्हनलं, "नाव नंतर इचारतो तुमचं." दोन घास खाल्ले. अन् मंग कोन जाने कसं, माह्या तोंडातून निघालं, "ताई, त्या दिशी मले बसवलं, ते चूकच झालती ना तुमाले?"

ताइनं हातातली भाकर खाली ठेवली. पंख्याचा आवाज येऊन राह्यलता. मंग त्याइच्या त्या मोठ्या आवाजाचं काहीच उरलं नव्हतं, हळू म्हने, "चूकच झालती, कौसल्या. मी नाव आंधी इचारलं असतं, तं त्या ताटात तुले जेवू घातलं नसतं. कागदावर देल्लं असतं. बाजूले." त्या म्हने, "घरी ताट नेलं. सासूबाईनं इचारलं, कोन जेवलं? मी खोटं बोलली. म्हनलं, बँकवाल्या बाई. ताट मोरीत पडलं होतं, मी हात नाई लावला. कामवालीनं घासलं. माह्या मायनं देल्लेलं ताट, माह्यं नाव त्याच्यावर, अन् ते माह्यानं कपाटात ठेववेना. म्हनून मंडळाले देऊन टाकलं. सगळ्या म्हने, शालूचं मन किती मोठं..."

इथी ताई थांबल्या. दम लागला होता. मी पाठीवरून हात फिरवला. त्या म्हने, "लाज वाटे मले. तू ऐतवारी चटनी-भाकर घेऊन यायची, अन् मले लाज वाटे. तव्हापासून मी नाव आंधी इचारनं सोडलं. इचारलं का माह्यं मन काय करन ते मले ठाव होतं. मनाले आंधी समजूच नाई द्याचं. ते रीत जुनी नोहे वं. तुह्यापासूनची हाये."

मले वाईट वाटलं. खोटं कायले सांगू, लय वाईट वाटलं. इतके वर्षं ज्या ताटात मी आपल्या हातानं नव्या बायाइले वाढलं, ते माह्यामुळं घराभाइर टाकलेलं होतं. अन् ज्या रीतीचं आमी सगळ्या कौतुक करो, ते बी माह्याचमुळं. दोन्ही गोष्टी येकाच वेळी आल्या, कोनती धरावी ते समजेना. मी येवढंच म्हनलं, "वरन थंड होऊन राह्यलं, ताई. जेवा." ताई जेवल्या. भाकरीचा शेवटचा तुकडा घेतला अन् म्हने, "त्या ताटात मी अजून जेवली नाई. येकदाही नाई. पुढच्या ऐतवारी आनशीन का?" मी म्हनलं, "आनीन."

शनवारीच आलमारीतून ताट काढून घासून ठेवलं होतं. चिंच लावून. ऐतवारी सकाळी त्याइच्या घरी गेली तं कुलूप. शेजारीन म्हने, पहाटंच नागपूरले नेलं. ताट पिशवीत घेऊन तशीच दवाखान्यात आली अन् आलमारीत परत ठेवलं. नागपूरवरून आनलं तव्हा ताइची वाचा गेली होती, नळीतून खाऊ घालत. ताटाचं काही काम नव्हतं. मी उशापाशी बसत जाओ. त्याइनं माह्या हातावर हात ठेवावा, मी ठेवू द्यावा. मले येक सांगाचं होतं त्याइले. बाकीच्या बायाइचं मन साफ होतं का नाई मले ठाव नाई, तुमचं नव्हतं, तरी तुमीच पिन लावली... पन माह्यानं बोलवलं नाई. जमलंच नाई.

ताई गेल्यावर मंडळाची बैठक झाली. नव्या बाया येनार होत्या. वंदना चांगली पोरगी हाये, तिच्या मनात काही वाकडं नाई. म्हने, "मावशी, या वेळी जरा व्यवस्थित करू. हॉल घेऊ, माइक लावू. मेंबरांची पूर्ण नावं आधी मागवून घेते, बॅनरवर टाकायला." मी चौघीत कधी बोलत नाई. पन बोलली. म्हनलं, "बॅनर लाव, पोरी, माइक बी लाव. पन नाव जेवल्यावर." वंदना म्हने, "का पण, मावशी? ताईंची आठवण म्हणून का?" मी काय सांगू तिले? ताइनं मले जे सांगितलं ते सांगाचं का नाई तेच मी तव्हा ठरवलं नव्हतं. तं कोपऱ्यातून मालतीबाई बोलल्या. आता थकल्या त्या, काठी घेऊन येतात. म्हने, "नाव आंधी इचारलं असतं तं आपली कौसल्या भेटली असती का आपल्याले?" कोनी हासलं नाई. वंदनानं बॅनरचं राहू देल्लं, नावं बी आंधी मागवली नाई.

आज हे लिहून घ्याले लावलं ते येवढ्यासाठी का ताइचं मोठेपन सगळे सांगून राह्यले, पेपरात बी आलं, सभेत बी झालं. त्याइचं मन पह्यल्यापासून मोठं होतं असं म्हनतात. नव्हतं. त्याइनं ते रोज ओढून ओढून मोठं केलं, मरेवरोक केलं. मले वाटते, हे जास्त हाये. ताइनं मले सांगितलं ते झाकून ठेवाले सांगितलं नाई, म्हनून सांगितलं.

मांगच्या ऐतवारी मी वार्डात गेली. नव्या बाया यायच्या होत्या, अजून आल्या नव्हत्या. ओट्यावर येक बाई बसून होती, साधंसं पातळ, मांडीवर पिशवी. नवी मेंबर होती का कोन्या पेशंटची मानूस होती, मले ठाव नव्हतं. मी आलमारी उघडली, ताट काढलं. चिंच लावलेलं तसंच चमकून राह्यलतं. लोटा भरला. म्हनलं, "हात कर, माय." तिनं माह्याकडं पाह्यलं, "काहून?" म्हनाले गेली... मंग हात पुढं केले. मी पानी घातलं, वाढलं, अन् बाजूले बसली, तिच्या घासाकडं न पाह्यता. तिले लय भूक होती. भात सरला, वरन सरलं, अन् बुडाशी ठिपके दिसाले लागले. शा, लि, नी. तिनं बोटानं पुसून वाचलं, मी वाचलं होतं तसंच.

ताट पुरतं रिकामं होऊ देल्लं. मंग मी खाली वाकून म्हनलं, "आता सांग, बाई. नाव काय तुह्यं?"